छत्तीस तासांची ड्युटी

पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या ॲप्रनच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद असतो. त्याला सगळे नुसतं ‘लिस्ट’ म्हणतात. डाव्या बाजूला खाटेचा नंबर, मग पेशंटचं नाव, निदान आणि पुढे पेनाने काढलेले छोटे चौकोन. हिमोग्लोबिन पाठवणे. क्रिएटिनिन ट्रेस करणे. सोनोग्राफीची तारीख घेणे. रक्ताच्या दोन बाटल्या. मेडिसिनचा कॉल. फुले योजनेचे कागद. काम झालं की चौकोनात टिक. रात्री सीनियर विचारतो, ‘बारा नंबरचं ट्रेस केलं का?’ तेव्हा ‘करतो’ हे उत्तर चालत नाही. ‘केलं’ एवढंच चालतं.

या लेखासाठी मुंबई, पुणे आणि विदर्भातल्या निवासी डॉक्टरांशी बोललो, तेव्हा ही लिस्ट पुन:पुन्हा समोर आली. नाव छापू नका, कॉलेजही नको, एवढी एकच अट प्रत्येकाने घातली. एका मुलीने आपली त्या दिवशीची लिस्ट उलगडून दाखवली. कागदाच्या दोन्ही बाजू भरलेल्या, घामाने शाई थोडी पसरलेली, आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘आईला फोन’. त्याच्यापुढेही चौकोन होता. तो रिकामा होता.

त्या लिस्टमधली बहुतेक कामं शिकायला कुणी एमडी किंवा एमएसला येत नाही. पहाटे पाचला उठून वॉर्डातल्या सगळ्यांचं रक्त काढायचं, नळ्यांवर नावं लिहायची, त्या दुसऱ्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायच्या, दुपारी त्याच वाटेने जाऊन रिपोर्ट आणायचे. वॉर्डबॉय, म्हणजे ‘मामा’, जागेवर नसतील तर सीटी स्कॅनला ट्रॉली स्वतः ढकलायची. पेशंटच्या श्वासनळीत नळी असेल तर एका हाताने अंबू बॅग दाबत, दुसऱ्या हाताने ट्रॉली सांभाळत. रक्तपेढीत जाऊन रक्तदाता कुठून आणायचा यावर नातेवाइकांबरोबर हुज्जत घालायची. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी फोटो, रिपोर्ट, सह्या गोळा करायच्या, कारण मंजुरी अडली तर गरिबाचं ऑपरेशन अडतं. आणि राऊंडला सर आले की याच डॉक्टरने प्रत्येक पेशंटची हकीकत तोंडपाठ सांगायची.

हा झाला साधा दिवस. प्रत्येक युनिटला आठवड्यातून ठरलेली इमर्जन्सी असते. त्या दिवशी सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत कॅज्युअल्टीतून येणारा त्या विभागाचा प्रत्येक पेशंट त्या युनिटचा. खाटा संपतात. मग दोन खाटांच्या मधे गादी टाकून ‘फ्लोअर पेशंट’ सुरू होतात आणि सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला टांगली जाते. रात्र अशी जाते. सकाळी घरी जायचं नसतं. रात्रभरात भरती झालेल्यांचा राऊंड, मग ओपीडी किंवा ऑपरेशन थिएटर, मग संध्याकाळचा राऊंड. आदल्या दिवशी सकाळी आठला वॉर्डात आलेला माणूस दुसऱ्या दिवशी रात्री आठला बाहेर पडतो. छत्तीस तास. काही विभागांत याहून जास्त. हजेरीच्या मस्टरवर एवढ्याला एकच सही लागते. किती तास काम केलं याचा रकाना तिथे बहुधा नसतोच.

आता कागदोपत्री काय आहे ते पाहू. ५ जून १९९२ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने निवासी डॉक्टरांच्या योजनेचं परिपत्रक काढलं. त्यात लिहिलं आहे की सलग ड्युटी साधारणपणे दिवसाला १२ तासांहून जास्त नसावी, कनिष्ठ निवासी डॉक्टरांनी साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम करावं आणि कामाच्या निकडीनुसार आळीपाळीने आठवड्याची सुट्टी मिळावी. तीन दशकं उलटून गेली. परिपत्रक रद्द झालेलं नाही, पाळलंही जात नाही. ‘साधारणपणे’ आणि ‘कामाच्या निकडीनुसार’ या दोन शब्दप्रयोगांतून सगळी व्यवस्था निसटली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२३ च्या अखेरीस पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम काढले, तेव्हा तरी आकडा येईल अशी मुलांना आशा होती. नियमात आलं ते ‘वाजवी’ कामाचे तास आणि ‘वाजवी’ विश्रांती. वाजवी किती, हे ठरवणार युनिटप्रमुख. आठवड्याच्या सुट्टीलाही निकडीची अट आहेच, आणि सरकारी रुग्णालयात निकड नसलेला दिवस मला तरी कुणी दाखवू शकलं नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यासाठी कित्येक वर्षं अर्ज केले, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या. त्याच गिरणगावात, परळला, १९२६ पासून केईएम रुग्णालय उभं आहे आणि कामगारांच्या कित्येक पिढ्यांनी तिथल्या डॉक्टरांच्या हाती जीव सोपवला. कामगाराचा आठवड्याचा एक दिवस त्याचा स्वतःचा, हे तत्त्व या शहराने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मान्य केलं. त्या कामगारावर उपचार करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला ते अजून लागू व्हायचं आहे.

ते लागू होत नाही याचं कायद्यातलं कारण साधं आहे. निवासी डॉक्टर पगार मागायला गेला की तो विद्यार्थी असतो, त्याला मिळतं ते विद्यावेतन. आणि सुट्टी मागायला गेला की तो अत्यावश्यक सेवेतला कर्मचारी असतो. एसटीच्या ड्रायव्हरला १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, कारण त्याच्यामागे पन्नास प्रवासी बसलेले असतात. निवासी डॉक्टरच्या देखरेखीखाली रात्री त्याहून जास्त माणसं असतात आणि त्यातली काही व्हेंटिलेटरवर असतात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली होती. त्यातले सुमारे ४५ टक्के आठवड्याला ६० तासांहून जास्त काम करत होते. निम्म्याहून अधिक जणांना आठवड्याची सुट्टी मिळत नव्हती. आणि ३१ टक्के जणांच्या मनात आयुष्य संपवण्याचे विचार येऊन गेले होते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांत हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे रेसिडेन्सीत पाऊल टाकताच ते जवळजवळ दुप्पट होतं. माहिती अधिकारात आयोगाने दिलेल्या आकड्यांनुसार पाच वर्षांत देशभरात सुमारे १२० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, त्यात जवळपास निम्मे पदव्युत्तर. शिक्षण अर्धवट सोडून गेलेल्यांची संख्या हजारावर, आणि तेही बहुतेक पदव्युत्तरच. एमबीबीएसचे विद्यार्थी संख्येने कितीतरी जास्त असतात हे लक्षात घेतलं तर या आकड्यांचा अर्थ अधिक गंभीर होतो.

मुलं नाजूक झाली आहेत, असं यावर अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. दोन लाखांहून अधिक डॉक्टर देतात त्या ‘नीट-पीजी’त गुण मिळवून, एमबीबीएस आणि इंटर्नशिप पार करून आलेली ही मुलं आहेत. चिवटपणात ती कमी नाहीत. त्यांना मोडणारी गोष्ट कामाच्या रचनेतच आहे.

ही रचना मुळात अमेरिकेतली. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झालं. तिथले पहिले मुख्य सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी शल्यचिकित्सा शिकवण्याची अशी पद्धत बसवली की शिकाऊ डॉक्टरने रुग्णालयातच राहायचं, रात्रंदिवस उपलब्ध असायचं. ‘रेसिडेंट’ हे नाव तिथून आलं. हॉल्स्टेड असामान्य सर्जन होते यात शंका नाही. पण भूल देण्यासाठी कोकेनचे प्रयोग स्वतःवर करताना त्यांना त्याचं व्यसन लागलं होतं, पुढे मॉर्फिनचंही, आणि ते आयुष्यभर पूर्ण सुटलं नाही. जागं राहण्याची जी कसोटी पुढच्या पिढ्यांना लावली गेली, ती घालून देणाऱ्या माणसाच्या शरीराची ही अवस्था होती.

अमेरिकेला आपली चूक दिसायला एक मृत्यू पाहावा लागला. मार्च १९८४ मध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी ताप आणि अंगाला थरथर म्हणून न्यूयॉर्कमधल्या रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांत दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर प्रदीर्घ ड्युटीवर होते आणि त्यांच्यावर एकाच वेळी कितीतरी पेशंटचा भार होता. तिचे वडील सिडनी झायन पत्रकार होते, त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तासांची मर्यादा घातली. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा देशभर आली. ब्रिटनमध्ये युरोपीय नियमामुळे २००९ पासून ती सरासरी ४८ तासांवर आली.

झोपेचं विज्ञान याबाबत स्पष्ट बोलतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की चोवीस तास जागलेल्या माणसाचा हात आणि डोळ्यांचा समन्वय रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका ढासळतो. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठीची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे या अवस्थेतल्या माणसाला पोलीस दुचाकीवरून उतरवतील, आणि आपण त्याला गरोदर बाईचा रक्तस्राव थांबवायला पाठवतो. बोस्टनमध्ये ख्रिस्तोफर लँड्रिगन आणि सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातल्या इंटर्नचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडला: चोवीस तासांहून लांब पाळ्या असलेल्या जुन्या वेळापत्रकात गंभीर वैद्यकीय चुका ३६ टक्के जास्त झाल्या.

चुकांच्या आधी आणखी एक गोष्ट घडते आणि तिची नोंद कुठल्याच केस पेपरवर होत नाही. डॉक्टरचं मन सुन्न होतं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआऊटची तीन अंगं सांगितली आहेत. माणूस आतून रिता होतो, समोरचा माणूस त्याला माणूस वाटेनासा होतो आणि आपल्या कामाला काही किंमत आहे यावरचा विश्वास उडतो. दुसरं अंग वॉर्डात उभं राहिलं तर कानांनी ऐकू येतं. ‘ती एक्लॅम्पसिया कुठे गेली?’ ‘सहा नंबर गेला का?’ दोन वर्षांपूर्वी इंटर्नशिपमध्ये पहिला मृत्यू पाहून जिन्यात रडलेला मुलगा आता मृत्यूचा दाखला भरताना मनात पुढची तीन कामं मोजतो. त्यातल्या एकाने सांगितलं की पेशंट गेल्यावर आपल्याला आधी सुटका वाटली, लिस्टमधली एक ओळ कमी झाली म्हणून, आणि मग स्वतःचीच भीती वाटली. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

अशा डॉक्टरसमोर जेव्हा रात्री दोनला घाबरलेले, आठ तास प्रवास करून आलेले, कुणीच नीट बोलत नाही म्हणून चिडलेले नातेवाईक उभे राहतात, तेव्हा ठिणगी पडायला वेळ लागत नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात जमावाने एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं, रुग्णालयांत सुरक्षारक्षक आले. डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे. मारहाणीचं समर्थन होऊच शकत नाही. पण रक्षक दारावर उभा राहतो, आणि नातेवाइकाशी पाच मिनिटं बसून बोलायला हवा असतो तो माणूस आत अठ्ठावीस तास उभा असतो. तो प्रश्न रक्षकाने सुटत नाही.

डॉक्टरांमधल्या उतरंडीबद्दलही बोलणं भाग आहे. वॉर्डात तिसऱ्या वर्षाचा कनिष्ठ निवासी डॉक्टर, म्हणजे जेआर-थ्री, जेआर-टूला बोलतो, जेआर-टू जेआर-वनला. जेआर-वनच्या खाली कुणी नसतं. चुकलं की ‘एक्स्ट्रा ड्युटी’, सगळ्यांसमोर पाणउतारा, थिएटरमध्ये हात लावू न देणं, थीसिसवरची सही लांबवणं. ज्याने हे सोसलं तोच पुढच्या वर्षी हे करतो, कारण कामाचा डोंगर तेवढाच असतो आणि तो खाली ढकलायला आता एक माणूस मिळालेला असतो. या व्यवस्थेत जात मिसळली की काय होतं ते महाराष्ट्राने २२ मे २०१९ रोजी पाहिलं. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातून आलेल्या, स्त्रीरोगशास्त्र शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी मुंबईत नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात आत्महत्या केली. तीन सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबाने केला, खटला न्यायालयात गेला. त्याचा निकाल न्यायालय देईल. मला एवढंच म्हणायचं आहे की जिथे सगळ्यांशीच कठोर वागण्याला ‘ट्रेनिंग’ म्हटलं जातं, तिथे एखाद्याला जातीवरून वेगळं काढून छळलं तर ते लपवणं फार सोपं होतं. तक्रार करायची तर ती त्याच विभागप्रमुखाकडे, ज्याच्या सहीवर परीक्षेला बसता येतं.

सोडून जावं म्हटलं तर बाँड आडवा येतो. अनेक राज्यांत जागा सोडणाऱ्याला लाखांच्या घरात दंड भरावा लागतो. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, एसटी कंडक्टरच्या घरातून आलेल्या मुलाला तो मार्गच बंद. जानेवारी २०२४ मध्ये आयोगानेच राज्यांना पत्र लिहून हा दंड काढून टाकावा असं सुचवलं, आणि त्यामागे विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचंच कारण दिलं.

मग ऑगस्ट २०२४ आला. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात छातीच्या विकारांच्या विभागातली शिकाऊ डॉक्टर लांबलचक ड्युटीमध्ये थोडा वेळ पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली. ९ ऑगस्टला तिथे तिचा मृतदेह सापडला. बलात्कार करून तिचा खून झाला होता. देश सुरक्षेबद्दल बोलला आणि ते बरोबरच होतं. पण झोपायला खोली नसणं ही मुळातली गोष्ट फार थोड्यांनी उचलली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हे प्रकरण हाती घेतलं, तेव्हा सरन्यायाधीशांच्या खंडपीठाने ३६ तासांच्या ड्युट्या अमानुष असल्याचं बोलून दाखवलं. आपल्याकडे वॉर्डाला लागून एक ‘साइड रूम’ असते. मी पाहिलेल्या एका खोलीत दोन लोखंडी खाटा, त्यावर सलाइनची खोकी, भिंतीला लागून जुने केस पेपर, आणि आतून लागत नसलेली कडी होती. मुलं आणि मुली तीच खोली वापरत होती. दाराला आतून खुर्ची लावायची, असं मुलींनी ठरवलं होतं.

ज्येष्ठ डॉक्टरांचा आक्षेप मला हलका करायचा नाही. आम्हीही हे केलं, म्हणून आज हात चालतो, असं ते म्हणतात. पेशंट दाखल झाल्यापासून बरा होईपर्यंत एकाच डॉक्टरने पाहिला तर रोग कळतो, पाळ्या बदलल्या की माहिती गळते, हेही खरं आहे. अमेरिकेत शस्त्रक्रिया विभागांतल्या मोठ्या चाचणीत पाळ्या लवचिक ठेवल्या तरी रुग्णांचं नुकसान वाढलं नाही, असं २०१६ मध्ये आढळलं, आणि त्यानंतर तिथले नियम थोडे सैलही झाले. आपल्याकडे या चाचणीचा दाखला हौसेने दिला जातो. तो देताना एक गोष्ट गाळली जाते: त्या चाचणीतल्या दोन्ही गटांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा होती. आपल्या मुलांचा वाद ८० च्या आत पाळी कशी लावावी हा नाहीच, ते त्या मर्यादेच्या पलीकडे उभे आहेत. आणि ‘आमच्या वेळी’ म्हणताना हेही आठवावं की तेव्हा वॉर्डात एवढे व्हेंटिलेटर, एवढ्या तपासण्या आणि एवढे ऑनलाइन अर्ज नव्हते. रात्रीचे काही तास तरी शांत असत.

शिवाय शिकायला लागतात ते तास कोणते? रक्ताच्या नळ्या वाहण्यात गेलेले तास हात घडवत नाहीत. जेवढं मला समजलं त्यावरून निम्मा प्रश्न डॉक्टरांचा नाहीच. रक्त काढणारे तंत्रज्ञ, ट्रॉली ढकलणारे कर्मचारी, कागद करणारे कारकून, पुरेशा परिचारिका या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, आणि ते सगळं काम पहिल्या वर्षाच्या डॉक्टरच्या लिस्टवर येऊन पडतं. त्याच्याइतका स्वस्त, सुशिक्षित आणि ‘नाही’ न म्हणणारा माणूस सरकारला दुसरा मिळणार नाही. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये राज्यव्यापी संप केला तेव्हाच्या मुख्य मागण्यांत वरिष्ठ निवासी डॉक्टरांची नवी पदं आणि वसतिगृहांची दुरुस्ती होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा संपाची वेळ आली, त्यानंतर विद्यावेतनात १० हजारांची वाढ मिळाली. पैसे मिळाले, माणसं मिळाली नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं होती. तेव्हा राज्याला मनुष्यबळाची आठवण झाली होती. वर्षभराने, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, राज्यात एकदम दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालयं हवीतच. पण तिथल्या वॉर्डात नळ्या कोण वाहणार आणि रात्री जबाबदारी घ्यायला वरिष्ठ कोण असणार, हे आधी ठरवायला हवं.

कृतिदलाने आकडा दिलेला आहे: आठवड्याला कमाल ७४ तास, त्यात एक २४ तासांची ड्युटी, पाच दिवस दहा-दहा तास आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. हा काही आरामाचा आठवडा नाही. तरीही आज तेवढा मिळाला तर कित्येक मुलांना श्वास घेता येईल. वैद्यकीय शिक्षण विभागाने तो बंधनकारक करावा, मस्टरमध्ये येण्याजाण्याच्या वेळेचा रकाना घालावा, ड्युटीचा तक्ता प्रत्येक वॉर्डाच्या दारावर लावावा, जिथे तो पेशंटच्या नातेवाइकांनाही वाचता येईल. आपल्या माणसाला सुई टोचणारा डॉक्टर किती तासांपासून जागा आहे, हे कळण्याचा हक्क त्यांना आहे. तक्रार ऐकणारा माणूस विभागाबाहेरचा, शक्यतो कॉलेजबाहेरचा असावा. योग आणि ताणमुक्तीच्या शिबिरांना माझा विरोध नाही, फक्त ती ठेवण्याआधी झोपेचे तास द्यावेत. कित्येकांना त्या शिबिरालाही पोस्ट-इमर्जन्सीच्या दुपारीच बोलावलं जातं.

हा अंक तुमच्या हाती असेल त्या दिवाळीच्या रात्रीही भाजलेल्यांच्या वॉर्डात हीच मुलं असतील. तुमच्या घरातलं एखादं मूल त्यांच्यात असेल, तर त्याने फोनवर ‘जमत नाहीये’ म्हटल्यावर ‘तीनच वर्षं तर आहेत, काढ’ एवढंच म्हणून फोन ठेवू नका. शेवटचं कधी झोपलास, कधी जेवलास, ते विचारा. जमलं तर जाऊन भेटा. जागा सोडून परत यायचं असेल तर दाराशी बाँडचा हिशोब मांडू नका. आणि जे निवासी डॉक्टर हे वाचत असतील त्यांनी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.